पायरी न ओळखणारा बचावपटू

"पायरी ओळखून राहा" हे वाक्य आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सिंदखेडराजापासून संग्रामपूरपर्यंत तेराही तालुक्यांत ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते ऐकले, त्यांच्या नातवंडांनीही ते कधी ना कधी ऐकलेले असते. फरक एवढाच की, आजोबांना ते चावडीवर उघड सुनावले जाई आणि नातवाला ते कचेरीत, कॉलेजात, संघनिवडीच्या वेळी गोड शब्दांत सांगितले जाते. 'पोरगं हुशार आहे, पण जरा जास्तच बोलतं.' 'खेळतो चांगला, पण संघभावना नाही.' ही गोड भाषा फक्त आपल्याच मुलखाची आहे असे समजण्याचे कारण नाही. सात समुद्रापार, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीत, एका काळ्या बचावपटूला ती तेरा हंगाम ऐकावी लागली. त्याचे नाव पी. के. सुब्बन.

नाव वाचून तो तामिळनाडूकडचा असावा असे वाटेल. तसे नाही. पर्नेल-कार्ल सुब्बन हा कॅनडातील टोरंटोचा. जन्म १३ मे १९८९. वडील कार्ल जमैकातून आलेले, आई मारिया वेस्ट इंडिजमधल्याच माँटसेराट बेटावरची. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना साखळदंड घालून ऊसमळ्यांवर आणले गेले, त्या समाजाचे हे लेकरू. ते ज्या खेळात शिरले तो खेळ मात्र गोऱ्यांचा, आणि गोऱ्यांमध्येही तो आपला कुळाचार असल्यासारखा जपला जाणारा.

आपल्या उन्हाच्या जिल्ह्यात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. म्हणून हा खेळ थोडा सांगितला पाहिजे. बुटाखाली पोलादी पाते, हातात काठी, चेंडूऐवजी रबराची जाड चकती. एका वेळी एका संघाचे सहा जण बर्फावर : एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीवर. अंगावर अंग घालून समोरच्याला फळीवर आदळणे हे नियमात बसते. दमछाक इतकी की मिनिटभरात खेळाडू बदलावे लागतात. यात बचावपटूचे काम सर्वांत बेनामी. आपल्या कबड्डीतच बघा ना! चढाई करणाऱ्याचे नाव गावोगाव होते. डाव्या कोपऱ्यात उभा राहून घोटा पकडणारा गुडघे फोडून घेतो आणि त्याचे नाव मंडळाच्या बाहेर कुणाला ठाऊक नसते. बर्फावरच्या हॉकीतही तेच. बचावपटूने चुकू नये, दिसू नये, बोलू नये अशी अपेक्षा असते. तो चुकला तेवढ्याच वेळी लोक त्याच्याकडे पाहतात.

सुब्बन दिसत होता. त्याची अडचण तिथूनच सुरू झाली. मागे उभे राहून चकती ढकलून देण्याऐवजी तो ती घेऊन पुढे धावे, निळ्या रेषेवरून तोफेसारखा फटका मारी, गोल झाला की हात पसरून आनंद करी. त्याचे कपडे भारी, हसणे मोठे, बोलणे मोकळे. गोऱ्या खेळाडूत हे गुण 'व्यक्तिमत्त्व' ठरतात. काळ्यात ते 'आगाऊपणा' ठरले.

या खेळात काळा माणूस नवा आहे हे सांगणेही खोटे आहे. १८९५ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्समध्ये, काळ्यांच्या बाप्टिस्ट चर्चमधील पुढाऱ्यांनी कृष्णवर्णीयांची स्वतंत्र हॉकी लीग उभी केली. आज जिचा जगभर डंका वाजतो ती राष्ट्रीय हॉकी लीग १९१७ ची. म्हणजे बावीस वर्षांनी धाकटी! त्या जुन्या लीगमधला एक संघ आफ्रिकव्हिल या वस्तीचा होता. हॅलिफॅक्सच्या कडेला, समुद्राकाठी वसलेल्या या वस्तीकडून नगरपालिका कर घेई, पण नळ आणि गटार देत नसे. कचऱ्याचा डेपो मात्र तिच्या उशाला आणून बसवला. १९६० च्या दशकात 'नगरविकासा'च्या नावाखाली वस्ती उठवली गेली. लोकांचे सामान नगरपालिकेच्या कचरा वाहणाऱ्या ट्रकांतून हलवले आणि १९६७ मध्ये त्यांचे चर्च रातोरात पाडले. माफी मागायला २०१० साल उजाडावे लागले. वाचकहो, गावकुसाबाहेरच्या वस्तीचे वर्णन करण्यासाठी वेगळी भाषा शोधण्याची गरज आहे का?

पुढची कथाही ओळखीची. हर्ब कार्नेगी नावाचा टोरंटोचा असामान्य खेळाडू १९४० च्या दशकात दारावर उभा राहिला. त्याला गोरा करून देणाऱ्याला दहा हजार डॉलर देईन, असे टोरंटो संघाचे मालक म्हणाल्याचे तो जन्मभर सांगत राहिला. २०१२ मध्ये तो वारला. त्याला खेळाच्या मानाच्या दालनात जागा मिळाली २०२२ मध्ये, म्हणजे मेल्यावर दहा वर्षांनी. राष्ट्रीय लीगमध्ये पहिला काळा खेळाडू उतरला तो १८ जानेवारी १९५८ रोजी. विली ओ'री, संघ बोस्टन, सामना माँट्रियलमध्ये. त्याचा उजवा डोळा चकती लागून जवळजवळ गेलेला होता. हे कळले तर खेळू देणार नाहीत म्हणून त्याने ते लपवून ठेवले. काळ्या माणसाला संधी मिळावी म्हणून अधूपण लपवावे लागले आणि रंग मात्र लपवता येईना! तो ४५ सामने खेळला. त्याच्यानंतर दुसरा काळा खेळाडू यायला १९७४ साल उजाडले.

ही पार्श्वभूमी घेऊन सुब्बन २००७ मध्ये माँट्रियल संघाने दुसऱ्या फेरीत, एकूण त्रेचाळिसाव्या क्रमांकावर निवडला. फेब्रुवारी २०१० मध्ये तो पहिला सामना खेळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फिया संघाच्या कर्णधाराने रेडिओवर जाहीर तक्रार केली की, या पोराने अजून मान कमावलेला नाही, मोठ्यांचा आदर ठेवत नाही. कुणाला शिवी दिली होती का? मारले होते का? तसे काही नाही. तो मैदानात बोलत होता, एवढेच. गोरे बोलतात त्याला तिथे 'खेळाचा भाग' म्हणतात.

२०१३ च्या सुरुवातीला त्याने वाढीव करार मागितला. संघाने हात आखडला आणि शेवटी दोन वर्षांसाठी एकूण ५७ लाख ५० हजार डॉलरवर त्याची बोळवण केली. सुब्बनने सही केली, मैदानात उतरला आणि त्याच हंगामात लीगमधील सर्वोत्तम बचावपटूला मिळणारा नॉरिस चषक जिंकला. १९५४ पासून दिला जाणारा हा चषक तोवर एकाही काळ्या खेळाडूला मिळाला नव्हता. व्यवस्थेला उत्तर द्यायचे तर असे द्यावे.

त्याच हंगामातली एक छोटी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. सामना जिंकला की सुब्बन आणि गोलरक्षक केरी प्राइस एकमेकांना तीनदा खालून टाळी देत. प्रेक्षकांना ते आवडे, पोरे शाळेत त्याची नक्कल करत. नवे प्रशिक्षक मिशेल थेरियन यांनी ती टाळी बंद केली. कारण? संघाचा आदर. आता हा केरी प्राइस कोण? त्याची आई उलकाच्चो या आदिवासी जमातीची, जमातीची प्रमुख राहिलेली. एक काळा आणि एक आदिवासी मातेचा मुलगा जिंकल्यावर टाळी देतात आणि शिस्तीला धोका निर्माण होतो! प्रशिक्षकाच्या मनात हा विचार होता असे मी म्हणत नाही. त्याच्या मनात काय होते हे तोच जाणे. पण कोणाच्या आनंदाला शिस्त लागते आणि कोणाच्या लागत नाही, हे पाहायला मनात शिरावे लागत नाही.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये त्याने आठ वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. वर्षाच्या सरासरीने तेव्हा लीगमध्ये कुठल्याही बचावपटूला एवढा पैसा नव्हता. त्याच वर्षी १ मे रोजी बोस्टनविरुद्ध बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याने दोन गोल केले. त्यातला दुसरा, जादा वेळेतला, विजयाचा. त्या रात्री इंटरनेटवर त्याच्या रंगावरून जे लिहिले गेले ते इथे छापण्याच्या लायकीचे नाही. बोस्टन संघाच्या अध्यक्षांनाही त्याचा निषेध करावा लागला. सुब्बन मात्र शांत. हे बोस्टनच्या सगळ्या प्रेक्षकांचे मत नाही, असे तो म्हणाला. ज्याला आगाऊ म्हणत होते त्याचा हा आगाऊपणा!

सप्टेंबर २०१५ मध्ये त्याने माँट्रियलच्या बालरुग्णालयासाठी सात वर्षांत एक कोटी डॉलर उभे करण्याची जबाबदारी घेतली. शहराने त्याला डोक्यावर घेतले. आणि नऊ महिन्यांनी, २९ जून २०१६ रोजी, संघाने त्याला नॅशव्हिलला देऊन टाकले. तारीख लक्षात ठेवा. १ जुलैपासून त्याच्या करारातले असे कलम लागू होणार होते की, त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता आले नसते. दोन दिवस आधी मुहूर्त साधला गेला. त्याच फेब्रुवारीत कोलोरॅडोविरुद्ध एक सामना हरल्यावर प्रशिक्षकाने पराभवाचे खापर पत्रकारांसमोर एकट्या सुब्बनवर फोडले होते. सहा जण बर्फावर असतात, वीस जणांचा संघ असतो, पण घसरून पडलेला एकच दिसला.

न्यायाने बोलायचे तर त्या बदल्यात माँट्रियलने घेतलेला शे वेबर हा काही साधा खेळाडू नव्हता. पुढे २०२१ मध्ये तोच कर्णधार असताना माँट्रियल अंतिम फेरीत गेले. सुब्बनच्या खेळात धोका होता, तो कधी कधी चकती गमावून बसे, हेही खरे. निव्वळ खेळाचा हिशेब मांडला तर सौदा वेडेपणाचा म्हणता येत नाही. पण त्या सौद्याचे समर्थन करताना जे शब्द वापरले गेले ते खेळाच्या हिशेबाचे नव्हते. वातावरण, ड्रेसिंग रूम, संघसंस्कृती, हे ते शब्द. आणि घडले काय? नॅशव्हिल पहिल्याच हंगामात, २०१७ मध्ये, इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत पोहोचले. सहाव्या सामन्यात पिट्सबर्गकडून हरले खरे, पण ड्रेसिंग रूम बिघडवणाऱ्या माणसाला घेऊन संघ तिथवर जात नसतो. तिकडे माँट्रियलने फेब्रुवारी २०१७ मध्ये त्या प्रशिक्षकालाच घरी पाठवले.

आता दुसरी बाजू, आणि ती टाळून चालणार नाही. सुब्बन बंडखोर होता का? नव्हता. अमेरिकेत काळ्यांवर होणाऱ्या पोलिसी अत्याचाराविरुद्ध कॉलिन केपरनिक राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला आणि त्याची नोकरी गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये सुब्बनला विचारले तेव्हा तो म्हणाला, आपण तसे कधीच करणार नाही. महिनाभरात हॉकीतल्याच जे. टी. ब्राउनने मूठ उंचावली, पण लीगचा सर्वांत मोठा काळा तारा दूर उभा राहिला. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर त्याने फ्लॉइडच्या लहान मुलीसाठी ५० हजार डॉलर दिले, हे चांगलेच केले. पण काळ्या खेळाडूंनी लीगपासून वेगळी स्वतंत्र आघाडी उभारली तेव्हा तो लीगच्या समितीत बसला.

इथे आपल्याला पळवंकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाही. चांभार कुटुंबातला हा फिरकी गोलंदाज पुण्याच्या मैदानावर खेळपट्टी झाडता झाडता मोठा झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. मैदानात त्याच्या हातचा चेंडू चाले, चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला शेवटपर्यंत दिले नाही. ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. आणि हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला. मग बाळूचे ११४ बळी आपले नाहीत काय? माझ्या मते आहेत. बाळूचे राजकारण चुकले, बाळूचा हात चुकला नव्हता. सुब्बनचेही तसेच. त्याच्याकडून चळवळीची अपेक्षा करणारे आपण कोण? त्याने काळ्या पोरांना बर्फावर हसत खेळता येते हे दाखवले. राजकारण करायला दुसरे आहेत.

दोन्ही साधलेला बचावपटू हवा असेल तर तो आपल्या देशातच आहे. जयपालसिंग मुंडा. झारखंडचा आदिवासी, ऑक्सफर्डला शिकलेला, १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारतीय हॉकी संघाचा कर्णधार आणि बचावफळीचा आधार. त्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. सुवर्णपदक आले, पण अंतिम सामन्यात जयपालसिंग नव्हते. इंग्रज व्यवस्थापकाशी बिनसले असे सांगितले जाते. कर्णधार असूनही पायरी दाखवली गेलीच. या माणसाने आयसीएसची नोकरी सोडली होती. पुढे ते संविधान सभेत आदिवासींचा आवाज म्हणून बसले, त्याच सभागृहात जिथे मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याला कोरकू आणि भिलांची वस्ती आहे. तिथल्या किती शाळांत या हॉकीपटूचा फोटो आहे, याची चौकशी मास्तर मंडळींनी आपापल्या गावी करावी.

सुब्बनची गोष्ट संपवतो. २०१९ मध्ये त्याला न्यू जर्सीला पाठवले. शरीर थकले होते, पाठीच्या दुखण्याने वेग नेला होता. २० सप्टेंबर २०२२ रोजी, तेहतिसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला. ८३४ सामने, ११५ गोल, ३५२ वेळा दुसऱ्याच्या गोलाला हात. बचावपटूसाठी हे आकडे मोठे आहेत. त्याच वर्षी, २२ जानेवारीला, खालच्या लीगमध्ये खेळणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाला, जॉर्डनला, प्रतिस्पर्धी खेळाडूने माकडासारखे हावभाव करून दाखवल्याचा प्रकार घडला. जॉर्डनही बचावपटूच. लीगने समोरच्या खेळाडूला ३८ सामन्यांसाठी निलंबित केले. विली ओ'रीची जर्सी बोस्टनने सन्मानाने छताला टांगली त्याला तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते.

पण या कुटुंबातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. तीन भाऊ, तिघांनाही राष्ट्रीय लीगच्या संघांनी निवडले. हे कसे घडले? बाप शाळामास्तर, पुढे मुख्याध्यापक. घरात पाच लेकरे. हा खेळ तिकडेही महागडा. बूट, काठ्या, चिलखतासारखा पोशाख, बर्फाच्या मैदानाचे भाडे. कार्ल सुब्बन दिवसभराचे काम उरकून रात्री छोट्या पर्नेलला घेऊन टोरंटोच्या नगरपालिकेच्या इमारतीसमोरच्या चौकात जात. तिथे हिवाळ्यात नगरपालिका बर्फाचे मैदान तयार ठेवते. प्रवेश फुकट. जात, धर्म, रंग, पगार, कुणाची चिठ्ठी, काही विचारले जात नाही. गर्दी ओसरली की बापलेक रात्री उशिरापर्यंत तिथे घसरत राहत. ७ कोटी २० लाख डॉलरच्या बचावपटूचा पाया सरकारी बर्फावर घातला गेला आहे.

आपल्याकडे गुणवत्ता नाही असे कोण म्हणेल? बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजीत जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला एका गुणाने हरवले आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत संघाबरोबर सुवर्ण आणले. पण एका प्रथमेशच्या मागे बाण-धनुष्याच्या किमतीला घाबरून घरी बसलेली पोरे किती, याची यादी कुणाकडे नाही. राज्य सरकारने तालुक्या-तालुक्यात क्रीडा संकुल उभारण्याची योजना आखली. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण २००५ पासून आहे. कागद भक्कम आहेत. पण ज्याला धावायला मैदान नाही त्याला प्रमाणपत्र कुठून मिळणार? आणि ज्याला मैदान नाही त्याच्या वाट्याचे पाच टक्के कोण नेतो?

म्हणून समाजबांधवांना, विशेषतः सुट्टीत गावी येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना एक काम सुचवतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आपल्या तालुक्याच्या क्रीडा संकुलावर आजवर किती खर्च झाला? गेल्या वर्षात ते खेळाडूंसाठी किती दिवस उघडे होते? किती दिवस लग्नाला, सभेला, प्रदर्शनाला दिले? भाडे किती आले? संध्याकाळी सहानंतर दिवे लागतात का? आणि किल्ली कुणाच्या घरी असते?